नऊ खुंट्यांचा क्लास

शाळेत मला एकदाच बक्षीस मिळालं. नियमित हजेरीचं. तेही ज्या मुलीला मिळायचं होतं तिला ऐन फेब्रुवारीत कांजिण्या झाल्या म्हणून. तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी एका परीक्षेत अव्वल येईन आणि लगेच कॉपी केसमध्येही सापडेन, असं कोणी सांगितलं असतं तर मी दुसऱ्या भागावर विश्वास ठेवला असता, पहिल्यावर नाही.

मला एमएस आहे. पूर्ण नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. आपल्याच अंगातली पहारेकऱ्यांची फौज आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडायला लागते आणि मेंदूने हाताला पाठवलेला निरोप वाटेत कुठेतरी चहा प्यायला थांबतो. हे मला डॉक्टर मॅडमनी फार चांगलं समजावून सांगितलं होतं. फक्त त्यांनी चहाचा उल्लेख केला नव्हता.

आमचे हे अंबरनाथ एमआयडीसीत एका कारखान्यात लेथ सेक्शनचे सुपरवायझर. त्यांच्या जगात एमएस म्हणजे माइल्ड स्टील. मॅडमच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा निघाला तेव्हा मी गार पडले होते आणि यांचा चेहरा मात्र, निदान काहीतरी ओळखीचं निघालं, म्हणून क्षणभर उजळला होता. परत येताना गाडीत त्यांनी रिपोर्टची फाइल उघडली, मिटली. मग म्हणाले, "हे बघ, एमएस गंजतं. पण वेल्डिंग फार छान घेतं." इतक्या वर्षांच्या संसारात यांनी मला दिलेला हा सगळ्यात चांगला धीर.

पहिला झटका डोळ्याला आला. डावा डोळा धुरकट झाला, नंतर बराचसा निवळला. दुसरा उजव्या बाजूला. पाय जड झाला आणि बोटं ऐकेनाशी झाली, ती काही पूर्ण पहिल्यासारखी झाली नाहीत. चहाचा कप बशीत ठेवताना त्या दोघांची भांडणं स्वयंपाकघरातून हॉलमध्ये ऐकू जायची. मला भीती होती ती तिसऱ्या झटक्याची. पाहुणा जाताना आपला टॉवेल उचलून न्यावा तसा प्रत्येक झटका जाताना काहीतरी घेऊन जातो आणि परत आणून देत नाही.

म्हणून मॅडमनी हॉस्पिटलात चाललेल्या औषधाच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं तेव्हा मी लगेच कान टवकारले.

"एक नवीन गोळी आहे," त्या म्हणाल्या. "सध्याच्या गोळीपेक्षा ती झटके जास्त चांगले रोखते का, ते आम्ही बघतोय. काही पेशंटना नवी मिळेल, काहींना सध्याची. दोन्ही औषधंच आहेत. दिसायला सारख्या. तुम्हाला कुठली मिळतेय ते तुम्हाला कळणार नाही. मलाही नाही."

"मग कळणार कोणाला?" यांनी विचारलं.

"कॉम्प्युटरला."

"बरोबर," हे मान हलवत म्हणाले. "आमच्याकडे बोनसचं असंच असतं."

मॅडमनी मराठीतली माहितीपत्रकं घरी वाचायला दिली, विचार करायला वेळ दिला, मधेच सोडावंसं वाटलं तरी सोडता येईल म्हणाल्या. मी सगळं वाचलं. मला त्यातली एकच गोष्ट मनापासून आवडली. दर काही महिन्यांनी नीट तपासणी होणार, एमआरआय होणार आणि मधे काही वाटलं तर फोन केल्यावर पलीकडून कोणीतरी तो उचलणार. बदलापूर पूर्वेला चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईचा फोन मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये कोणीतरी उचलतं, ही गोष्टच मला निम्म्या औषधासारखी वाटली. मी सही केली. वाकडी आली, पण केली.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी मापं घेतली. मोजणारी एक चटपटीत मुलगी होती, कोऑर्डिनेटर. तिने मला फरशीवर पट्टी मारलेल्या पंचवीस फुटांवर, जमेल तितक्या भरभर चालायला लावलं. मग एक कागद समोर ठेवला. वरच्या ओळीत चित्रविचित्र चिन्हं आणि प्रत्येकाखाली एक आकडा, खाली नुसतीच चिन्हं. कुठल्या चिन्हाचा कुठला आकडा, ते पटापट सांगायचं. शेवटी एक प्लास्टिकची फळी. फळीला नऊ भोकं आणि बाजूच्या खळग्यात नऊ खुंट्या. एकेक खुंटी उचलून भोकात घालायची, सगळ्या बसल्या की एकेक काढून परत खळग्यात टाकायची. हे घड्याळ लावून. डाव्या हाताने झकास जमलं. उजव्या हाताने मी दोन खुंट्या टेबलाखाली आणि एक त्या मुलीच्या ओढणीत टाकली.

"होतं काकू, काही हरकत नाही," ती म्हणाली आणि ओढणी झटकली.

संध्याकाळी नणंदेचा फोन आला. नणंदबाई उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, एका सिंधी पापडवाल्याच्या दुकानावरच्या माळ्यावर दहावीचे क्लास घेतात. त्यांचं वाक्य मराठीत सुरू होतं, हिंदीत वळण घेतं आणि 'साईं' वर संपतं. आयुष्यात आलेली प्रत्येक गोष्ट त्या पेपर म्हणून बघतात. माझं लग्न ठरताना बघायला आल्या होत्या, तेव्हा जाताना मला म्हणाल्या होत्या, "तोंडी छान झाली तुझी."

"वहिनी, पेपर कसा गेला?" त्यांनी विचारलं.

मी खुंट्यांचं सांगितलं. पलीकडे शांतता पसरली. नापास झालेल्या मुलाच्या आईसमोर त्या जशी शांतता पाळतात, तशी.

"परत कधी आहे?"

"काही महिन्यांनी. दर वेळी हेच असतं म्हणे."

"हेच? सेम टू सेम?" त्यांचा आवाज बदलला. "मतलब सिलॅबस फिक्स आहे! अरे साईं, मग रडतेस काय? रविवारी येते. दादाला घरी थांबायला सांग."

आता मागे वळून बघताना वाटतं की त्याच वेळी कोणीतरी म्हणायला हवं होतं, अगं, ही परीक्षा नाहीये. पण आमच्या घरात कोण म्हणणार? आमच्याकडे रक्ततपासणीला जातानाही सासूबाई "नीट दे गो" असं बजावतात.

रविवारी नणंदबाई आल्या आणि घराचा क्लास झाला. मला आठवत होती तेवढी चिन्हं मी त्यांना काढून दाखवली. उलटा कंस, डोक्यावर टिंब घेतलेली रेघ, एक पाय मोडलेला चौकोन. आठवत नव्हती ती त्यांनी मला खोदून खोदून आठवायला लावली. मग जाड अक्षरात एक तक्ता लिहून फ्रिजवर लावला, दुसरा ओट्यावरच्या टाइल्सवर, तिसरा बाथरूमच्या दाराला आतून. आठवड्याभरात सासूबाईंनाही तो पाठ झाला. तांदूळ धुताना त्या पुटपुटायच्या, "टिंबवाली सात, मोडका चौकोन तीन." त्यांना वाटायचं हा काहीतरी जप आहे आणि त्याने गुण येणार आहे.

चालण्याची प्रॅक्टिस आमच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये. यांनी टेप लावून पंचवीस फूट मोजले, दोन्ही टोकांना खडूने रेघ मारली. वाटेत तीन घरांचे चपलांचे स्टँड आणि एक कोरफडीची कुंडी होती, ती सरकवण्यात आली. मी लंगडत, भिंतीला हात न लावता, ताठ मानेने जायचे. नणंदबाई टोकाला मोबाइलचं स्टॉपवॉच धरून उभ्या. समोरच्या वहिनींनी दार उघडून विचारलं, "वजन कमी करताय का?"

"नाय," सासूबाई दारातून म्हणाल्या. "परीक्षा हाय तिची."

"अय्या, या वयात? कसली?"

"झटक्याची."

समोरच्या वहिनी आत गेल्या. थोड्या वेळाने त्यांच्या नवऱ्याने दार किलकिलं करून बघितलं.

पण खरा कळस केला तो यांनी. एका शनिवारी कारखान्यातून आले ते काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि हलकेच कागद उलगडला. ॲल्युमिनियमची जाड फळी, गुळगुळीत घासलेली. नऊ भोकं. आणि नऊ पितळी खुंट्या, सोन्यासारख्या चमकणाऱ्या. हॉस्पिटलमधल्या खुंटीचं माप मी बोटाने दाखवलं होतं, तेवढ्यावरून यांनी लंच टाइममध्ये केलेलं काम.

"भोकाच्या कडा तिरप्या घासून घेतल्यात," हे म्हणाले. "खुंटी वर नुसती सोड. आपोआप आत जाते. बघ."

मी सोडली. गेली. टुक असा छान आवाज आला. मला आयुष्यात एकदा सोन्याच्या कुड्या मिळाल्या होत्या, तेव्हाही मी इतकी हरखले नव्हते.

त्या दिवसापासून घरात टीव्ही बंद पडला. जेवणं झाली की फळी टेबलावर. मी, मग सासूबाई, मग हे, मग परत मी. सासूबाई बदलापूर गावातल्या शेतकऱ्याच्या लेक. त्यांच्या वेळी भाताची लावणी हाताने व्हायची. पहिल्याच दिवशी त्यांनी मला इतकं मागे टाकलं की यांनी घड्याळ झटकून बघितलं.

"हाताला बघायचं नाय गो," त्या मला शिकवायच्या. "हाताला ठाऊक असतं. तू पुढच्या भोकाकडे बघ."

"आणि खळग्यातून उचलताना टोकाने उचल, मधून नाही," नणंदबाई. "मार्क तिथे जातात."

मी हळूहळू सुधारत गेले. खरंच. उजव्या हाताची बोटं आधी खुंटीशी झटापट करायची, आता तिला ओळखायला लागली. टुक, टुक, टुक. मी रोज खूश होऊन झोपायचे. औषध लागू पडतंय, असं मी स्वतःला सांगायचे. हे यांना सांगायचे. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

परीक्षेच्या, म्हणजे तपासणीच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी माझ्या हातावर दही-साखर ठेवली. उजव्याच हातावर. "त्यालाच द्यायची ना परीक्षा," म्हणाल्या. नणंदबाई क्लासला सुट्टी देऊन उल्हासनगरहून आल्या. मुलांनी त्यांच्या हाती माझ्यासाठी शुभेच्छांचं कार्ड पाठवलं होतं. भाड्याच्या गाडीत आम्ही चौघं बसलो आणि कल्याण फाट्यापर्यंत त्यांनी माझी उजळणी घेतली.

हॉस्पिटलमध्ये मी आत गेले, तिघं बाहेर बाकावर. चालणं झालं. माझा मलाच अभिमान वाटला. मग त्या मुलीने चिन्हांचा कागद समोर ठेवला. टिंबवाल्या रेघेखाली सात नव्हते. दोन होते. मोडका चौकोन तर कुठच्या कुठे गेला होता.

"अगं, सेट बदललाय!" मी ओरडलेच.

"कसला सेट, काकू?"

"काही नाही. काही नाही."

त्या पाठांतराने माझं वाटोळं केलं. प्रत्येक टिंबाला तोंडातून आधी सात निघायचे, मग मी ते गिळून दोन म्हणायचे. तो पेपर मी पहिल्या वेळेपेक्षाही वाईट दिला. आणि म्हणून खुंट्यांची फळी समोर आली तेव्हा मी जिवाच्या करारावर त्या खुंट्यांवर तुटून पडले. हाताकडे बघितलं नाही. टोकाने उचलल्या. मार्क जातात तिथे जाऊ दिले नाहीत. नऊ आत, नऊ बाहेर, एकही पडली नाही. मी मान वर केली तेव्हा ती मुलगी घड्याळाकडे बघत होती, मग माझ्या हाताकडे, मग परत घड्याळाकडे.

"काकू," ती हसत म्हणाली, "घरी प्रॅक्टिस-बिक्टिस करता का काय?"

"थोडीफार," मी म्हटलं. मला वाटलं ती कौतुक करतेय. लाजलेही असेन.

तिने दार उघडून मॅडमना बोलावलं. दार उघडं दिसलं म्हणून आमचे हे आत आले. आणि काही कळायच्या आत यांनी पिशवीतून फळी काढून मॅडमसमोर टेबलावर ठेवली.

"मॅडम, हे बघा. पितळी आहेत खुंट्या. तुमच्या त्या प्लास्टिकच्या ढिल्या बसतात, मी मघाशी दाराच्या काचेतून बघितलं. आमच्याकडून करून घ्या. कितीही."

मॅडमनी फळी बघितली. एक खुंटी उचलून भोकावर सोडली. टुक. माझी खात्री आहे की एक सेकंदभर त्यांनाही ती आवडली. मग त्या खुर्चीत बसल्या.

"हे तुम्ही रोज करत होता?"

"रोज!" दारातून सासूबाई म्हणाल्या. "मी पण."

"आणि चिन्हांचं मी बघत होते," मागून नणंदबाई म्हणाल्या. "पण मॅडम, पेपर चेंज केलात ते बरोबर नाही केलंत. पहले बताना चाहिए."

मॅडमनी फळी हलकेच बाजूला सरकवली. मग माझ्याकडे बघून अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आम्ही तुमची परीक्षा घेत नाही हो. आम्ही औषधाची परीक्षा घेतोय. तुमचा हात म्हणजे आमची उत्तरपत्रिका. आता हा हात सुधारला तो औषधामुळे का या फळीमुळे, ते मी कसं ओळखू?"

यांनी हळूच फळी परत पिशवीत टाकली.

"तुम्ही औषधाला कॉपी पुरवलीत," मॅडम म्हणाल्या. त्या हसत होत्या, पण थोड्याच. "मला हे अभ्यास चालवणाऱ्यांना कळवावं लागेल. तुमची मापं धरायची का नाही, तुम्हाला पुढे अभ्यासात ठेवायचं का नाही, ते त्यांच्यावर आहे. तोवर गोळी चालू ठेवा. आणि फळी बंद."

परतीच्या गाडीत माझ्या नणंदबाई पहिल्यांदाच गप्प होत्या. इतक्या वर्षांत त्यांच्या क्लासचा एकही मुलगा कॉपीत सापडला नव्हता. सापडली ती त्यांची वहिनी. अंबरनाथ आल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "सगळी चूक माझी."

"फळी माझी आहे," हे म्हणाले.

"मी तर पहिली येत होते," सासूबाई म्हणाल्या.

मला एकच दिसत होतं. आता ते मला काढणार. मग तिसरा झटका येईल तेव्हा तो बदलापूरच्या फ्लॅटमध्ये मला एकटीला गाठेल आणि त्या चटपटीत मुलीचा फोन माझ्यासाठी वाजणार नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, मला स्वतःलाही कळत नव्हतं की माझा हात खरंच बरा होतोय का. जे काही सुधारलं ते गोळीचं, का यांच्या पितळेचं?

त्यानंतर घरात सुरू झाली ती प्रतिबंधक कारवाई. फळी हे कारखान्यात घेऊन गेले आणि स्वतःच्या कपाटात कुलपात टाकून आले. फ्रिजवरचा तक्ता उतरवला. टाइल्सवरचा तक्ता चिकटपट्टीसकट निघेना, म्हणून त्यावर कॅलेंडर लावलं. पण सासूबाईंना ते पुरेसं वाटेना. मी तांदूळ निवडायला घेतले की त्या ताट ओढून घ्यायच्या.

"ठेव ते. हात सुधारेल!"

"अहो आई, तांदळातले खडे काढतेय."

"खडा न् खुंटी एकच. बारीक उचलायचंच हाय ना?"

मटार सोलायचे नाहीत. मेथी निवडायची नाही. ब्लाउजला हूक लावायचे नाहीत. देवाच्या वाती वळायच्या नाहीत. एकदा मी पडलेली पिन उचलायला वाकले तर हे आतून धावत आले, "थांब, मी उचलतो." मला, खरं सांगायचं तर, हे फार वाईट वाटत नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदाच मी भर दुपारी पंख्याखाली पाय पसरून बसले होते आणि सासूबाई माझ्यासमोर मटार सोलत होत्या. विज्ञानासाठी माणसाने थोडा त्याग करायला पाहिजे, असं मी त्यांना दोनदा म्हटलंही.

हे सुख संपवलं नणंदबाईंनी. एका दुपारी त्या आल्या, मला तशी बसलेली बघितली आणि कोऑर्डिनेटर मुलीला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"मॅडम, घरात काय काय करायचं नाही याची लिस्ट मिळेल?"

"तसं काही नाही ताई," पलीकडून आवाज आला. "घरातली कामं नेहमीसारखी करायची. फिजिओथेरपिस्टने सांगितलेला व्यायामही करायचा. जसं जगता तसं जगा. फक्त टेस्टचा सराव नको."

"मटार चालतील?"

"चालतील की."

सासूबाईंनी मटारचं ताट शांतपणे माझ्या मांडीवर ठेवलं.

उत्तर मात्र काही येत नव्हतं. मी एकदोनदा फोनवर विचारलं, "अजून काही कळलं नाही का?" ती म्हणायची, "कळलं की सांगू, काकू." मटार सोलताना एखादा दाणा बोटातून निसटायचा आणि मी तिथेच थांबायचे. हा आधीही निसटला असता का? खुंट्या होत्या तेव्हा निदान रोज संध्याकाळी मला वाटायचं की मी बरी होतेय. आता नुसतं चाललं होतं. जसं जगतो तसं.

पुढची तपासणी आली. त्या सकाळी सासूबाई दह्याची वाटी हातात घेऊन उभ्या राहिल्या, विचारात पडल्या, "हे चालेल का?" म्हणाल्या आणि शेवटी स्वतःच खाऊन टाकलं. नणंदबाई आल्या, पण गाडीत त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. कल्याण फाट्याला त्यांनी माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. उल्हासनगरच्या पोरांना हे दृश्य बघायला मिळालं असतं तर त्यांनी पैसे काढून तिकीट घेतलं असतं.

आत मी एकटीच. चालले, जशी चालते तशी, उजवा पाय थोडा मागे. चिन्हांची पाठांतरं एव्हाना विसरली होती, त्यामुळे ती दिसली तशी वाचली. आणि मग फळी. त्यांची, प्लास्टिकची. खुंट्या खरंच ढिल्या बसत होत्या. मी भरभर करायचा प्रयत्न केला, त्यांनी सांगितलंच होतं, जमेल तितकं भरभर. चौथी खुंटी आडवी पडली. मी ती परत उचलली. मला माझ्या बोटांचा राग आला, मग राग गेला, कारण रागावून खुंटी आत जात नव्हती. शेवटची काढून खळग्यात टाकली तेव्हा मला घाम फुटला होता.

"कशी झाली?" मी विचारलं.

"ते आम्ही सांगत नाही, काकू," ती मुलगी म्हणाली. "पण एक सांगू? या वेळी तुम्ही केलीत, फळीने नाही."

मॅडमनी मला तपासलं, रिपोर्ट बघितले. नवीन काही दिसत नाही म्हणाल्या, मधे झटका आलेला नाही हे चांगलं आहे म्हणाल्या. मला विचारायची हिंमत होत नव्हती. मग त्यांनीच टेबलावरून नव्या गोळ्यांचा डबा माझ्याकडे सरकवला.

"उत्तर आलंय. घडलं ते सगळं त्यांनी नोंदवून घेतलंय. गेल्या वेळचे तुमचे सरावाचे आकडे ते बाजूला ठेवतील. बाकी सगळं धरतील. तुम्ही अभ्यासात आहात."

मी डबा दोन्ही हातांनी धरला. मला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आल्याने काहीतरी शिंकेसारखं निघालं.

"म्हणजे मॅडम," हे दारातून म्हणाले, "औषध लागू पडतंय?"

"मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. इतक्या आनंदाने कोणी 'मला माहीत नाही' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

परत येताना बदलापूरला शिरण्याआधी गाडी थांबवून आम्ही चहा घेतला. सासूबाईंनी बशीत चहा ओतला, फुंकला आणि मला विचारलं, "मग तू बरी होतेस का नाय?"

"माहीत नाही, आई."

"डॉक्टरणीला?"

"तिलाही नाही."

"गोळी नवी का जुनी?"

"कोणालाच माहीत नाही. अभ्यास संपला की कळेल. सगळ्यांच्या मापांची बेरीज करून बघतील. नवी गोळी चांगली निघाली तर पुढे ज्या बायकांना हे होईल त्यांना ती पहिल्यापासून मिळेल."

"म्हणजे दुसऱ्याच्या सुनांना."

"हो."

सासूबाईंनी बशी खाली ठेवली. त्या समोरच्या नव्या टॉवरकडे बघत राहिल्या. त्यांच्या लहानपणी तिथे भात व्हायचा, ते मला ठाऊक आहे, पण त्या वेळी त्या भाताचा विचार करत नव्हत्या.

"मग खरं तेच दाखव गो तिला," त्या म्हणाल्या. "खुंटी पडली तर पडू दे. मी काय बोलणार नाय."

"बरं, आई."

"नायच बोलणार. तिकडे दुसऱ्याच्या लेकी-सुना हायेत."

"हो."

त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला, तोंड पुसलं आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "फक्त ती आडवी पडली ना, की अंगठ्याने अशी जरा..."

"आई!" आम्ही तिघंही एकदम ओरडलो.